वाचनालयातला ठोशांचा वर्ग

सोमवार, ३ फेब्रुवारी

माझा मुष्टियुद्धाचा क्लब बंद झाल्यापासून ही वही कपाटात पडून होती. पूर्वी रोज लिहायचो. कोणाचं नाक फुटलं, कोणाचा उजवा हात खाली राहतो, कोण मार खाऊन रडला आणि कोण मार खाऊन हसला. आज पुन्हा उघडली, कारण पुन्हा शिकवायला लागणार आहे. तेही वाचनालयात. शाळा सुटल्यापासून तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

ग्रंथपाल बाई घरी आल्या होत्या. बारीक चणीच्या, पण बोलायला लागल्या की समोरच्याने पाठ ताठ करून बसावं अशा. म्हणाल्या, "बायकांसाठी मुष्टियुद्धाचा वर्ग सुरू करायचाय. तळघर रिकामं आहे. फी घ्यायची नाही, आणि तुम्हांला मानधनही देता येणार नाही."

त्यांच्याकडे म्हणे हल्ली सगळंच फुकट. बुधवारी एक वकीलबाई बसते आणि कायद्याचा सल्ला देते. त्याच दिवशी नर्स रक्तदाब तपासते. शिलाई मशीन घरी न्यायला मिळतं, कॉम्प्युटर शिकवतात, सरकारी अर्ज भरून देतात, लहान मुलांना गोष्टी सांगतात. मी विचारलं, "पुस्तकंबिस्तकं देता का अजून?"

"मागितली तर देतो," बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मी म्हटलं, मी आयुष्यभर पोरं घडवली, बायकांना काय शिकवणार. तर आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "जा ना. घरात बसून भिंतीला ठोसे मारण्यापेक्षा बरं." बाईंसमोर हे बोलायची काही गरज नव्हती. भिंतीला मी एकदाच मारला होता, आणि तिथलं प्लास्टर आधीच सुटलं होतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिला वर्ग. सहा-सात बायका आल्या. अर्ध्याजणी चपला घालून, एक तर पर्स खांद्याला लावून. मी पर्सवालीला म्हटलं, "बाई, मारामारी करायचीय, बाजाराला जायचं नाही." सगळ्या हसल्या आणि जरा मोकळ्या झाल्या.

दोघी कामाच्या आहेत. एक बस चालवते. एका प्रवाशाने मागून तिचं डोकं स्टिअरिंगवर आपटलं होतं, तेव्हा समोरचा दात गेला. मी पॅड धरले आणि म्हटलं, हा तोच प्रवासी समज. मग काय विचारता. बोटांची सालटी निघाली, पॅडवर रक्ताचे डाग पडले, तरी थांबेना. माझे खांदे भरून आले. अशी एखादी क्लबात मिळाली असती तर नाव काढलं असतं.

दुसरी म्हणजे तीच रक्तदाब बघणारी नर्स. ताकद बेताची, पण डोकं थंड. तिने विचारलं, "कोच, उजव्या बरगडीखाली मारलं तर?"

मी खूश झालो. म्हटलं, "तिथे यकृत असतं. माझ्या मुलाचा हातखंडा ठोसा. माणूस कागदासारखा दुमडतो, आणि वर खूणसुद्धा राहत नाही."

"हो," ती म्हणाली, "खूण राहत नाही." नर्स असल्यामुळे तिला शरीराचं बरंच कळतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

चिरंजीव, सूनबाई आणि नात जेवायला आले होते. मागच्याच गल्लीत राहतात, पण हल्ली येणं कमी झालंय. चिरंजिवांकडे गोदामाच्या सुरक्षेचं काम आहे, हाताखाली वीसेक माणसं. अंग अजून तसंच आहे, पोट सुटलेलं नाही. तीन वर्षं सलग जिंकला होता माझा पोरगा. त्याच्यासारखा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

जेवताना नातीला त्याची गोष्ट सांगितली. चौदाव्या वर्षी त्याची बरगडी मोडली होती आणि मी त्याला रिंगमधून बाहेर येऊ दिलं नव्हतं. म्हटलं होतं, रडलास तर घरी घेणार नाही. पठ्ठ्याने घंटा होईपर्यंत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. चिरंजीव हसत ऐकत होता. ही मधेच उठली आणि भांडी आवरायला लागली. भांड्यांत अजून जेवण होतं.

सूनबाईच्या मनगटाला पट्टी होती. म्हणाली, दारात सापडलं. पट्टी अगदीच ढिली बांधलेली, मी सोडून नीट आवळून दिली. ती दात दाबून बसली होती, हूं की चूं केलं नाही. दारात सापडलेलं मनगट एका बाजूने सुजतं, हिचं चहूबाजूंनी सुजलं होतं. दार जड असणार.

एक गंमत लिहायची राहिली. फडताळावरून डबा काढायला मी हात वर केला, तर शेजारी उभ्या नातीने झटकन दोन्ही मुठी चेहऱ्यासमोर घेतल्या आणि हनुवटी आत ओढली. एकदम नेमका गार्ड. कोणी शिकवलं नाही, काही नाही. मी सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, बघा, रक्तातच आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तळघरात ठोसे मारायची बॅग टांगायला सुतार येणार होता, म्हणून वाचनालयात गेलो. वर नर्सने रक्तदाब बघितला. जास्त आहे म्हणाली. "रागीट आहात का?" मी म्हटलं, मुळीच नाही, कोणालाही विचारा.

वकीलबाईंची खोली मासिकांच्या मांडणीमागे आहे. तिच्याबाहेर बाकावर सूनबाई बसलेली दिसली. मला बघून ती इतकी दचकली की मांडीवरची पिशवी खाली पडली. नात आतल्या दालनात गोष्ट ऐकत होती.

"तू इथे कशी?"

"बाबा, ते... नोकरीचा करार आहे. त्यातलं एक कलम कळत नव्हतं."

मला बरं वाटलं. शिकलेली मुलगी, कशाला घरात बसायचं. मी तसं म्हटलंही. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "घरी कोणाला सांगू नका हं. नक्की झालं की मीच सांगेन."

रविवार, १६ फेब्रुवारी

आज चिरंजीव एकटाच आला. नातीला ताप आहे म्हणे. जेवताना तोंड पाडून बसला होता. कामावरची कटकट. त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी बोलून गेलो, "अरे, लवकरच घरात दोन पगार येतील. तुझी बायको नोकरी बघतेय. वाचनालयात वकिलाकडे करार दाखवायला गेली होती."

त्याने पाण्याचा पेला सावकाश खाली ठेवला. मग हसला. "हो का," म्हणाला, "मला बोलली नाही."

हिचा वाढायचा हात तसाच वर राहिला. तो गेल्यावर तिने माझं ताट अर्धं असतानाच उचललं. सूनबाईने कोणाला सांगू नका म्हटलं होतं हे खरं, पण नवरा म्हणजे काय 'कोणी' असतो का?

गुरुवार, २० फेब्रुवारी

वर्ग. बॅग उत्तम टांगली गेलीय. बसवालीने आज असा हुक मारला की छताची माती खाली आली.

वर्ग संपल्यावर नर्स थांबली. दोन्ही हात पुसत म्हणाली, "कोच, तुमच्या सूनबाई काल आल्या नाहीत. ग्रंथपाल बाई घरी गेल्या, तर दार उघडलं नाही. मागच्या बुधवारी मी त्यांना तपासलं होतं. बरगड्यांना हात लावू देत नव्हत्या. उजव्या बाजूला."

"मग?"

"मग काय ते तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझ्या घरात नाक खुपसायचं काम नाही. आवाज चढला असेल, हातात पॅड होते ते मी भिंतीवर फेकले. ती मागे सरकली नाही. शेवटी मीच वर निघून आलो.

या पोरीला काय ठाऊक माझा मुलगा. हात खाली असलेल्या माणसावर ठोसा टाकायचा नाही, हा मी त्याला शिकवलेला पहिला धडा. पंचांनी थांबा म्हणायच्या आत हा स्वतः थांबायचा.

रविवार, २३ फेब्रुवारी

न राहवून चिरंजिवांच्या घरी गेलो. सूनबाई आतल्या खोलीत झोपून होती. दार ओढलेलं. अंगात कणकण आहे, असं त्याने सांगितलं. मी दाराशी जाऊन "बरं आहे ना?" विचारलं. आतून "हो बाबा" आलं, पण तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं. नात पलंगाखाली खेळत होती. बाहेर बोलावलं तर आली नाही.

चिरंजीव म्हणाला, "बाबा, बऱ्याच दिवसांत खेळलो नाही. दोन फेऱ्या होऊ देत." अंगणात ग्लोव्ह्ज चढवले. मला वाटलं, गंमत. पहिला ठोसा कानावर आला तेव्हा कळलं की गंमत नाही. दुसरा पोटात. मी गुडघ्यांवर आलो, जेवलेलं सगळं मातीत पडलं. तो वर उभा राहून हसत होता.

"वय झालं तुमचं."

मग हात देऊन उठवलं, तोंड धुवायला पाणी आणून दिलं. पाठीवरून हात फिरवला. लहानपणी मार खाल्ल्यावर मी त्याला जसं घ्यायचो तसंच. माझ्याच शेजारी पायरीवर बसून त्याने विचारलं, "ती वकील बुधवारी किती वाजता बसते?"

मी म्हटलं, "तीनला." त्यालाही करार समजून घ्यायचा असेल.

शनिवार, १ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची दोन हाडं मोडली आहेत. अक्षर माझं मलाच लागत नाही, तरी बुधवारचं लिहायलाच हवं.

मी तळघरात होतो. वर कपाट कोसळल्यासारखा आवाज आला, मग ग्रंथपाल बाईंचा आवाज, मग तोही बंद झाला. मी जिना चढून आलो. मासिकांची मांडणी आडवी पडली होती. ग्रंथपाल बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चष्मा फुटलेला, भुवईतून रक्त गळत होतं. वाचायला आलेली माणसं टेबलांमागे उभी होती, खिळल्यासारखी. वकीलबाई फोनवर पत्ता सांगत होत्या, आवाज न थरथरता.

चिरंजिवाने सूनबाईला केसांना धरून खोलीतून बाहेर ओढलं होतं. तिचा एक डोळा आधीच बंद होता, ती सूज त्या दिवशीची नव्हती, पिवळी पडत आलेली. ती हात जोडत नव्हती, ओरडतही नव्हती. दोन्ही हात खाली होते. तिने तेवढंच म्हटलं, "मुलीला इथून न्या कोणीतरी." नर्सने नातीला उचललं आणि आत पळाली.

मी ओरडलो, "सोड तिला." त्याने ऐकलं नाही. उजव्या हाताने तिला जरा लांब धरलं, अर्धं पाऊल टाकलं, खांदा खाली घेतला आणि उजव्या बरगडीखाली ठोसा दिला. ते पाऊल, तो खांदा, मी ओळखतो. मी बसवलेला ठोसा आहे तो. वर्षभर घोटून घेतला होता. ती कागदासारखी दुमडली. त्याने तिला पुन्हा उभी केली आणि पुन्हा तोच ठोसा दिला. तिसऱ्यांदा त्याने हात मागे घेतला तेव्हा मी मधे होतो.

तो ठोसा मला लागला. मग चेहऱ्यावर, मग कानावर. समोर बाप आहे हे त्याला दिसत होतं, डोळ्यांत डोळे घालून मारत होता. तोंडात दात सुटल्याचं जाणवलं. मी वाट बघितली. डावीकडून मारताना त्याचा उजवा हात जरा खाली येतो, लहानपणापासूनची खोड, किती कान लाल केले तरी गेली नाही. तो खाली आला आणि मी हनुवटीवर एकच मारला, होतं नव्हतं ते सगळं घालून. माझ्या हातातली हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो मागे कोसळला, डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं आणि डोळे पांढरे झाले.

मी त्याच्याजवळ बसलो. जीभ आत गेली नाही ना ते बघितलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोलीस येईपर्यंत तसाच बसून होतो. बसवाली पुस्तक परत करायला आली होती, तिने सूनबाईला अंगावरचं जॅकेट घातलं.

सूनबाईच्या तीन बरगड्या आणि जबडा. यकृताला सूज आहे, पण वाचेल. चिरंजीव आज कोठडीत आहे.

हिला मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हांला सांगून काय झालं असतं? तुम्ही तिला गार्ड कसा घ्यायचा ते शिकवलं असतं."

मी म्हटलं, असा कसा निघाला हा, आपल्या घरात कोणी असं नाही. तिने माझ्या हाताला बर्फ लावला आणि आत निघून गेली.

गुरुवार, ६ मार्च

कोठडीत भेटलो. जबड्याला तारा घातल्यात, त्यामुळे दातांतून बोलतो. "बाबा, मांडणी तिच्या अंगावर पडली. एवढंच सांगा. बाकीचे परके आहेत, तुमच्या शब्दाला वजन आहे."

"आणि माझे दात?"

"मी तुमच्या अंगावर आलो, कारण तुम्ही मधे पडलात. असं होतं. तुम्हांला माहितीय असं होतं."

मग रडायला लागला. कधी रडला नव्हता तो. जाळीतून बोटं घालून माझं बोट धरलं. मला त्याचा पहिला ग्लोव्ह आठवला, त्यात त्याचा हात कोपरापर्यंत जायचा. मी बोट सोडवलं आणि बाहेर आलो.

बुधवार, १२ मार्च

वाचनालय पुन्हा उघडलं. मांडणी जागेवर आहे. ग्रंथपाल बाईंच्या भुवईला टाके आहेत. त्यांनी मला "या" म्हटलं, नेहमीसारखंच. गोष्टींच्या दालनात मुलं हसत होती.

वकीलबाईंकडे जबाब द्यायला गेलो. ही बरोबर आली. तिला मी बोलावलं नव्हतं, स्वतःहून चप्पल घालून निघाली. मी सगळं सांगितलं. मांडणी अंगावर पडली नाही. त्याने तिला मारलं, ती हात खाली ठेवून उभी असताना. मुलगा आहे माझा, आणि आत जाईल तो माझ्या शब्दाने. पण हात खाली असलेल्या माणसाला मारायचं नाही. माझ्याकडे दुसरं काही शिकवायला नव्हतंच.

वकीलबाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या कुटुंबात मारहाण कधीपासून आहे?"

"दोन वर्षं, असं आता कळलं," मी म्हटलं.

"नाही," ही म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी सांगते," ती वकीलबाईंना म्हणाली. "पण यांना बाहेर बसू दे."

मी बाहेर बाकावर बसलो. समोर पुस्तकंच पुस्तकं. एक काढलं, चित्रं नव्हती, परत ठेवलं. आतून हिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण थांबत नव्हता. घरात ती एवढं कधी बोलत नाही. नर्स चहा देऊन गेली, तो गार झाला. वाचणारी माणसं एकेक करून उठून गेली. चिरंजिवाबद्दल जे होतं ते माझं सांगून झालं होतं, मग तिला एवढा वेळ कशाला लागतोय ते कळेना.

शेवटी दार उघडलं. वकीलबाई माझ्याशी नेहमी हसून बोलायच्या, आज हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा जबाब सूनबाईंच्या कामी येईल, त्याबद्दल आभार. पण यांचं प्रकरण मी वेगळं घेतेय. त्याबद्दल मला तुमच्याशी बोलता येणार नाही."

"यांचं कसलं प्रकरण?"

"त्यांना वाटलं तर त्या सांगतील."

ही मागून आली. डोळे कोरडे होते. मी म्हटलं, "चल, उशीर झाला." ती म्हणाली, "मी सूनबाईकडे राहणार आहे." मी विचारलं किती दिवस, तर वकीलबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. मी फक्त हिचा दंड धरायला हात पुढे केला होता. हात प्लास्टरमधे आहे, मी काय करणार होतो?

हिने जाताना सांगितलं, "जेवण झाकून ठेवलंय. आजच्यापुरतं."

घरी येऊन ते जेवलो. उद्याचं काय ते ती बोलली नाही.